चार आण्याचा बेडूक

हर्सूलचं नाव काढलं की शहरातला माणूस दोनच गोष्टी विचारतो. एक जेल आणि दुसरा तलाव. थोडा जुना माणूस असला तर हरसिद्धी मातेच्या देवळाचं विचारतो. बेडकांचं आजवर कुणी विचारलं नाही. मी बेडकांवर लिहायला बसलोय म्हटल्यावर सूनबाई हसली. "मामंजी, दुसरं काही सुचलं नाही का?" म्हणाली. सुचलं होतं, पण हे जास्त दिवस डोक्यात आहे. यात माझा थोडा दोषही आहे, आणि वय झाल्यावर माणसानं दोषाचं आधी लिहावं.

आमच्या उत्तरेला डोंगर. तिकडून खाम नदी निघते, आमच्या तलावात येते आणि पुढं शहरात जाते. मलिक अंबरानं 1610 च्या सुमारास खडकी वसवली, तीच पुढं औरंगाबाद झाली. त्या वस्तीला पाणी पाजायला त्यानं आमच्याच बाजूनं जमिनीखालून नहर काढली. लहानपणी आम्ही नहरीच्या मॅनहोलवर पालथे पडून खाली ओरडायचो. खालून आपलाच आवाज परत यायचा, आणि पावसाळ्यात त्या आवाजाबरोबर बेडकांचाही यायचा. चारशे वर्षांच्या बांधकामात बेडूक भाडं न देता राहत होते.

आमच्याकडं पाऊस वर्षाला सातशे मिलीमीटरच्या आसपास, तोही जून ते सप्टेंबर. बाकी आठ महिने कोरडे. कोकणात बेडकाला पाण्याची चिंता नाही. आमच्याकडच्या बेडकाला चार महिन्यांत जन्म, लग्न, लेकरंबाळं सगळं उरकावं लागतं आणि मग आठ महिने जमिनीत, भिंतीच्या फटीत नाहीतर विहिरीच्या कपारीत गप पडून राहावं लागतं. शेतकऱ्याचंही काही वेगळं नाही. म्हणून असेल, आमच्या आज्याला बेडकाचं भारी कौतुक.

आजा निरक्षर होता, पण त्याला आवाजावरून बेडूक कळायचा. पहिला मोठा. मृगाचा पाऊस जोरात झाला की दुसऱ्या दिवशी डबक्यात हळदीसारखे पिवळेजर्द नर बसलेले दिसायचे, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे. तळहातात मावत नसत. शास्त्रात याला होप्लोबॅट्रेकस टायगेरिनस म्हणतात हे मला फार उशिरा कळलं. आम्ही नुसतं 'मोठं बेंडूक' म्हणायचो. दुसरा पाण्यावरून टपटप उड्या मारत पळणारा, तो विहिरीत बाराही महिने. तिसरा खरबरीत अंगाचा भेक. तो दिव्याखाली येऊन किडे टिपायचा आणि बाया त्याला झाडूनं बाहेर लोटायच्या. चौथा गोल, फुगरा, त्याच्या टाचेवर कुदळीसारखी कडक गाठ असते. तिनं तो मागं मागं सरकत जमिनीत उतरतो आणि बघता बघता दिसेनासा होतो. पाचवा नखाएवढा, पण रात्रभर असा ओरडतो की वाटावं केवढा असेल. सहावा झाडावरचा, बोटांच्या टोकाला चकत्या असलेला. तो पाण्यावर वाकलेल्या फांदीला साबणाच्या फेसासारखं घरटं करतो. अंडी त्या फेसात असतात, पिल्लं बाहेर आली की खाली पाण्यात पडतात.

आमच्या वावराच्या खालच्या कोपऱ्यात एक डबकं होतं. कुणीतरी कधीकाळी घरासाठी पांढरी माती काढली, त्याचा खड्डा. पावसाळ्यात कमरेइतकं पाणी, दिवाळीपर्यंत कोरडं. अण्णा, म्हणजे माझे वडील, दरसाल म्हणायचे, हा खड्डा बुजवला तर चार पायल्या ज्वारी जास्त होईल. आजा म्हणायचा, "ऱ्हाऊ दे. तिथं बेंडकं येत्यात."

मी एकदा विचारलं, "आबा, बाजूला एवढी भरलेली विहीर आहे, तळं आहे. मग बेडूक ह्याच घाण पाण्यात अंडी काहून घालतात?"

आजा म्हणाला, "विहिरीत मासे असत्यात. हितं नसत्यात."

एवढंच. पण मी पुढं आयुष्यभर जे वाचलं त्यात याच्याहून नेमकं उत्तर मला मिळालं नाही. जे पाणी आटतं त्यात मासा टिकत नाही, आणि मासा नाही म्हणून बेडकाचं पिल्लू टिकतं. आटायच्या आत शेपूट गळून पाय फुटले पाहिजेत, ही एकच घाई. मोठ्या बेडकाची मादी हजारांनी अंडी घालते ती त्यासाठीच. त्यातलीही पिल्लं एकमेकांना खातात. जी उरतात ती बांधावर येतात.

1972 च्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. लोक खडी फोडायच्या कामावर, शाळेत सुकडी वाटायचे. आमच्या विहिरीला तळ लागला म्हणून ती आणखी खोल काढायचं ठरलं. अण्णा आणि दोघं जण खाली, मी आणि आजा वर टोपलं ओढायला. तळातला ओला चिखल वर आला तर त्यात बेडूक. एक, दोन, मग टोपल्यागणिक. डोळे मिटलेले, अंगावर चिखलाचा लेप. मी त्यांना मेलेले समजून दगडावर टाकले. आज्यानं एक उचलून तळव्यावर धरला. थोड्या वेळानं त्याचा गळा हलायला लागला. आजानं ते सगळे गोळा करून ओल्या पोत्यात घातले आणि संध्याकाळी विहिरीच्या कडेला सावलीत मातीत पुरले. अण्णा खालून ओरडले, "माणसाला प्यायला पाणी नाही अन् तुम्ही बेंडकं पुरत बसलाव!" आजा काही बोलला नाही.

त्या साली गावात धोंडीही निघाली होती. अंगाला कडुलिंबाचे डहाळे बांधलेलं पोरगं, मुसळाला बांधलेला बेडूक, घरोघर त्याच्यावर पाणी. ज्या घरात रांजण कोरडा होता त्या घरानंही तांब्याभर पाणी ओतलं. पावसाचं आणि बेडकाचं हे नातं फार जुनं. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात बेडकांवर एक सबंध सूक्त आहे हे मला कीर्तनकारबुवांनी सांगितलं, तेव्हा मला आज्याची आठवण झाली.

पुढच्या सालच्या जूनमध्ये पाऊस पडला. रात्री डबक्यावर इतका गलका झाला की कुणाला झोप लागली नाही. अण्णाही उठून बाजेवर बसले आणि ऐकत राहिले.

आता माझं सांगतो.

1975 चा पावसाळा. मी नववी संपवून दहावीत. गावात सायकलवर एक माणूस यायला लागला. कॉलेजांच्या प्रयोगशाळांना बेडूक पुरवायचं काम करायचा. मोठ्या बेडकाला चार आणे. लहान नको. चार आण्यात तेव्हा चहा येत होता. आम्ही तिघं-चौघं पोरं गॅसबत्ती घेऊन रात्री निघायचो. डोळ्यांवर उजेड पडला की बेडूक जागचा हलत नाही. मागून हात घालायचा आणि ओल्या पोत्यात टाकायचा. नर मिलनासाठी बसलेले असतात, त्यांना पळायचं भानही नसतं. पहिल्या आठवड्यात मी सात रुपये कमावले. त्यातून दहावीची दोन पुस्तकं आणि आईला बांगड्या घेतल्या.

आज्याच्या डबक्यावर मी शेवटी गेलो. बाकी जागा संपल्या म्हणून गेलो. एका रात्रीत तिथले चाळीसच्या वर काढले. सकाळी पोतं ओसरीत हलत होतं. आजानं पोत्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, "कितीला?" मी सांगितलं. "बरं," म्हणाला आणि चिलीम घेऊन वावरात गेला. रागावला असता तर मी विसरलो असतो.

आमचं ते फुटकळ होतं. देशात तेव्हा याचा मोठा व्यापार चालू होता. मोठ्या बेडकाच्या मागच्या तंगड्या बर्फात गोठवून जहाजानं युरोप-अमेरिकेला जायच्या. फ्रान्स, बेल्जियममध्ये त्या हॉटेलात चवीनं खातात. 1981 या एका वर्षात भारतातून 4,368 टन तंगड्या गेल्या. हे वजन फक्त तंगड्यांचं, बाकीचा बेडूक इथंच फेकला जायचा. पुष्कळदा तंगड्या तोडल्यावरही तो जिवंत असायचा.

याविरुद्ध जी माणसं उभी राहिली त्यात मुंबईचे हुमायून अब्दुलअली हे एक. पक्ष्यांचा अभ्यास करणारा माणूस, बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत सगळी हयात गेली. त्यांनी बेडकाच्या पोटात काय सापडतं ते तपासलं. भाताच्या खाचरातले खेकडे आणि पिकावरचे किडे सापडले. म्हणजे आपण बेडूक विकून परदेशी पैसा आणायचा आणि त्यानं जे किडे खाल्ले असते ते मारायला औषधावर पैसा घालवायचा. 1985 साली त्यांचा लेख आला. त्याच सुमारास जंगली जिवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतही हा बेडूक गेला. शेवटी 1 एप्रिल 1987 पासून सरकारनं बेडकाच्या तंगड्यांची निर्यात बंद केली. मग तो धंदा इंडोनेशियाकडं सरकला. कॉलेजातली चिरफाड त्यानंतरही कैक वर्षं चालू राहिली. विद्यापीठ अनुदान आयोगानं ती 2014 साली पूर्ण थांबवली.

माझी मुलगी बीएस्सीला होती तेव्हा तिनं बेडूक चिरला होता. घरी येऊन जेवली नाही. मी तिला पोत्याचं सांगितलं नाही.

निर्यात थांबली म्हणून डबकं पुन्हा भरलं असं मात्र झालं नाही, कारण तोवर आम्ही फवारायला लागलो होतो. हायब्रीड ज्वारी आली, कापूस वाढला, त्यांच्याबरोबर अळ्याही वाढल्या. बीएचसीची पावडर आम्ही फडक्याच्या पुरचुंडीत घालून हातानं धुरळायचो. तोंडाला रुमाल बांधला तर लोक हसायचे. कापसावर एंड्रिन. बेडकाचं कातडं आपल्यासारखं नसतं, तो कातड्यानं पाणी पितो आणि थोडा श्वासही घेतो. जे वावरात पडलं ते पहिल्या पावसात वाहून खालच्या कोपऱ्यात, म्हणजे डबक्यातच यायचं. एंड्रिनवर पुढं बंदी आली, बीएचसीवर 1997 साली आली. आज्याला जाऊन तेव्हा पंधरा वर्षं झाली होती.

आणि आता दुसरा दोष. हाही माझाच.

विहिरीत डास फार होते. नातू तापानं फणफणला. तेव्हा एका मित्रानं बादलीभर गप्पी मासे दिले आणि मी ते आमच्या विहिरीत सोडले. डास कमी झाले हे खरं, खोटं कशाला बोलू? गप्पी हा आपला मासा नव्हे. तो दक्षिण अमेरिकेतला. त्याचा भाऊबंद गॅम्बुशिया उत्तर अमेरिकेतला, तो 1928 साली इटलीमार्गे भारतात आणला तोही डासांसाठीच. हे मासे डासाची अळी खातात तशीच बेडकाची अंडी आणि बारकी पिल्लंही खातात. मला हे कळलं तेव्हा उशीर झाला होता. त्या साली पाऊस जास्त झाला, विहीर तोंडापर्यंत भरली आणि पाणी पाटानं डबक्यात गेलं. दुसऱ्या दिवशी डबक्यात गप्पी चमकत होते. आजा म्हणाला होता, हितं मासे नसत्यात. ते मी खोटं केलं.

एवढ्यावर मी मनाशी हिशोब मांडला होता की आपला तो चांगला आणि बाहेरून आलेला तो वाईट. तो हिशोब माझ्या भाच्यानं मोडला.

भाचा नोकरीनिमित्त अंदमानात आहे. एका पावसाळ्यात त्यानं फोनवर व्हिडिओ पाठवला. डबक्यात पिवळेजर्द बेडूक, गळ्याला निळे फुगे. माझं मन हरखलं. म्हटलं, "अरे, हे तर आपले! तिकडं आहेत होय?" तो म्हणाला, "मामा, हितं लोक यांच्या नावानं बोटं मोडतात."

मग त्यानं सगळं सांगितलं. अंदमानात हा बेडूक मूळचा नाही. या शतकाच्या सुरुवातीला मुख्य भूमीवरून तळ्यात सोडायला मत्स्यबीज नेलं, त्याबरोबर बेडकाची पिल्लं गेली. माशाचं बोटभर पिल्लू आणि बेडकाचं शेपटीचं पिल्लू, पिशवीत कोण वेगळं करतो? तिथं पाऊस भरपूर, ऊन बेताचं, पाणी बाराही महिने. आमच्याकडं आठ महिने जमिनीत उपाशी पडणारा प्राणी तिथं बेटामागून बेटावर पसरला. नित्य प्रकाश मोहंती या संशोधकानं गावोगाव जाऊन लोकांना विचारलं, तुमच्याकडं हा कधी दिसायला लागला आणि काय नुकसान करतो. लोकांनी सांगितलं की तळ्यातले मासे खातो, कोंबडीची पिल्लं गिळतो. त्याची पिल्लं त्या बेटांवरच्या बारक्या बेडकांची पिल्लं खाऊन टाकतात. ते बारके बेडूक जगात दुसरीकडं कुठं नाहीत.

आमच्या डबक्यात जो जीव मी चार आण्याला संपवला, तोच तिथं दुसऱ्यांचं डबकं संपवतोय. बेडूक तोच. त्याचा स्वभाव आमच्याकडंही तोच होता, पण इथं त्याच्यामागं साप होता, बगळा होता, आठ महिन्यांचं ऊन होतं. त्यानं कुणाला खायचं आणि त्याला कुणी खायचं हे फार जुन्या काळापासून ठरलेलं होतं. पिशवीत भरून समुद्रापार नेलं तेव्हा यातलं काहीच बरोबर गेलं नाही.

ऊसवाल्यांसाठी एक जुनी गोष्ट सांगण्यासारखी आहे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडला उसावर भुंगेरे पडायचे. 1935 साली तिथल्या लोकांनी हवाई बेटांवरून शंभरेक मोठे भेक आणले, मूळचे अमेरिका खंडातले. त्यांची पैदास करून उसाच्या भागात हजारोंनी सोडले. भुंगेरे उसाच्या शेंड्याला आणि त्यांच्या अळ्या जमिनीत मुळाशी. भेक बिचारा जमिनीवर. किडे तसेच राहिले आणि भेक मात्र देशभर पसरत गेला. त्याच्या अंगात विष, त्याला जे खातं ते मरतं. आज नव्वद वर्षं झाली, अजून त्यांना तो आवरत नाही. आणणारी माणसं काही दुष्ट नव्हती. शेतकऱ्याचं भलं करायला निघाली होती. मीही नातवासाठीच गप्पी आणले होते.

1982 साली औरंगाबादची महानगरपालिका झाली आणि आमचं गाव हळूहळू शहरात विरघळलं. आता आमच्या वावराच्या तिन्ही बाजूंना प्लॉट आहेत. दोन वर्षांखाली मुलानं विषय काढला. "अण्णा, खालचा खड्डा बुजवून घेऊ. मुरमाच्या आठ-दहा ट्रिपा लागतील. तेवढ्या जागेचे आज किती येतील माहीत आहे का तुम्हाला?" मला माहीत होतं. तो काही चूक बोलत नव्हता. त्याच्या डोक्यावर कर्ज आहे, पोरांच्या फिया आहेत.

मी म्हटलं, "मी आहे तोवर राहू दे."

"काहून?"

मग मी त्याला पोत्याचं सांगितलं. आज्याचं 'कितीला?' सांगितलं. पन्नास वर्षांत पहिल्यांदा कुणाला सांगितलं. तो ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "मग गप्पी काढावे लागतील आधी."

त्या उन्हाळ्यात आम्ही विहिरीकडून येणारा पाट फिरवला. डबकं मे महिन्यात आपोआप कोरडं पडलं, तळाला भेगा पडल्या, गप्पी गेले. विहिरीतले अजून आहेत, ते काही निघत नाहीत. पाटाच्या तोंडाला मुलानं दगड रचलेत आणि विहीर भरत आली की तो रोज जाऊन बघून येतो. डबक्याभोवती दहा हात जागा सोडून फवारणी करतो. शेजारचे हसतात.

यंदा पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री आम्ही दोघं बॅटरी घेऊन गेलो. नखाएवढे ओरडत होते, टाचेला कुदळ असलेले होते. कडेच्या बाभळीच्या फांदीला फेसाचं एक घरटं होतं. मोठा पिवळा एकच दिसला. एकटाच बसला होता आणि दोन्ही बाजूंचे फुगे फुगवून ओरडत होता. उत्तर द्यायला दुसरा कुठं ऐकू आला नाही. मुलानं त्याच्यावर बॅटरी धरली, तसा तो जागच्या जागी थिजला.

मी म्हटलं, "बंद कर ती. हलत नाही तो उजेडात."

मुलानं बॅटरी बंद केली. आम्ही अंधारात उभे राहिलो. बऱ्याच वेळानं तो पुन्हा ओरडायला लागला.